रिसीव्हरचं कुलूप

सिल्वासाच्या बाजारात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदनंतर डिश बसवायची कामं वाढली आणि माझं नाव जवळच्या सायली गावातल्या कारखान्यांपर्यंत पोचलं. तिथल्याच एका सुपरवायझरने मला सामरवरणीला घरी बोलावलं. डिश बसली, चॅनल लागले. मी रिमोट समजावत होतो, तर तो म्हणाला, "याला कुलूप लावता येतं ना? आकड्याचं? लावून टाक. मी नसताना हिने बघायचं नाही."

बायको चहाचे कप घेऊन तिथेच उभी होती. धुळ्याकडची, लग्नाला वर्षही झालं नसेल. मी त्याच्याकडून चार आकडे टाकून घेतले आणि चहा प्यालो.

महिन्याभराने ती एकटीच दुकानात आली. पिशवीतून रिमोट काढून म्हणाली, "भाऊ, हे बिघडेल आहे."

मी रेडिओ लावला, त्याच्याजवळ रिमोट धरून बटण दाबलं. खरखर आली. "ताई, रिमोट चांगला आहे."

तिने रिमोट परत पिशवीत ठेवला. मग हळूच म्हणाली, "तो आकडा सांगा ना. शेजारणी गुजराती बोलतात, मला समजत नाही. हे बारा-बारा तास ड्युटीवर. दिवसभर कानावर माणसाचा आवाज पडत नाही."

कुठल्याही कुलपाला चालणारा कंपनीचा एक आकडा असतो. तो मी तिला सांगितला. तिने दोनदा म्हणून दाखवला. चेहरा असा उजळला, की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांनी नवरा दुकानात आला. ड्युटीवरून लवकर घरी गेला होता, रिसीव्हरवर हात ठेवला तर तो गरम. "कुणी सांगितलं तिला?"

त्याच्या खात्यातल्या सहा जणांच्या डिश माझ्याकडून जायच्या होत्या. मी म्हणालो, "साहेब, बाईमाणूस दुकानात येऊन रडायला लागली. मी काय करणार?" ती रडली नव्हती.

"मग बदल तो आकडा."

"तो बदलत नाही. तुम्ही रिमोटच कामावर घेऊन जा. रिसीव्हरची समोरची बटणं मी आतून बंद करून देतो."

हे त्याने विचारलं नव्हतं. मीच सुचवलं.

संध्याकाळी त्याच्या घरी रिसीव्हर उघडला आणि बटणांच्या तारा सोडवल्या. ती स्वयंपाकघराच्या दारात होती. गालावर हिरवट वळ होता. मी मान खाली घालून स्क्रू पिळत राहिलो.

"ये इकडे," तो तिला म्हणाला. "लाव बघू टीव्ही."

ती हलली नाही.

"लाव म्हटलं ना!"

तिने एक बटण दाबलं. मग दुसरं. काहीच झालं नाही. "अजून दाब," तो म्हणाला. तिने सगळी दाबली, पुन्हा पहिल्यापासून दाबली. तो खो-खो हसला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मीही हसलो.

पावसाळ्यानंतर तिचा भाऊ येऊन तिला धुळ्याला घेऊन गेला, ती परत आली नाही, एवढं कानावर आलं. त्या सहाही डिश मी बसवल्या. एकाने कुलपाचं विचारलं. त्यालाही लावून दिलं.