काठी दिसल्याशिवाय झेंडा नाही
इथे परदेशात, मनुरेवा नावाच्या आमच्या उपनगरात शेजारी कोळशावर बार्बेक्यू पेटवतात, तेव्हा त्या धुराच्या वासानं मला २००४ सालचा तो शनिवार आठवतो. आम्ही हौशी मंडळींनी कित्येक वर्षं खपून बंद पडलेला एक रेल्वेफाटा पुन्हा सुरू केला होता. आठवडाभर मी हॉस्पिटलात नर्स, शनिवारी गाडीची गार्ड. पहिल्याच गाडीत पाहुणे बसले, बँड वाजला, वाफेच्या इंजिनानं शिट्टी दिली, तरी मी हिरवा झेंडा दाखवेना. एकेरी रूळ असल्यामुळे नेमून दिलेली लाकडी काठी ड्रायव्हरच्या हातात असेल, तरच गाडी सोडायची, आणि ती मला दिसली नव्हती. अशी काठी एकच असते, म्हणून ती हातात असली की समोरून दुसरी गाडी येणार नाही याची खात्री. "शी'ल बी राइट!" म्हणजे चालतंय गं, असं म्हातारा ड्रायव्हर ओरडला. "ओळखीच्या पेशंटलाही मनगटावरचा नावाचा पट्टा वाचल्याशिवाय मी औषध देत नाही," मी म्हटलं. शेवटी काठी सापडली ती स्टेशनातल्या चहाच्या टेबलावर, केकच्या डब्यामागे. पुढे दर शनिवारी शिट्टीआधी तो म्हातारा ती काठी स्वतःहून खिडकीबाहेर उंच धरायचा. आता तो नाही. परवा नवीन ड्रायव्हर आली, आणि मी सांगायच्या आत तिनंही काठी बाहेर धरली.