न ऐकलेला निरोप

दोन्हीकडून बोलता येणारा रेडिओ घ्यायचा हे मी महापुराच्या आठवड्यात ठरवलं. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. शेजारचे दादा आमच्या दुसऱ्या मजल्यावर मोटारीची बॅटरी घेऊन बसले होते आणि आपल्या जुन्या सेटवरून नदीपलीकडच्या दोघांशी बोलत होते. कुठं म्हातारं माणूस अडकलंय, कुठली होडी रिकामी आहे, दूध कुठपर्यंत पोचलं, एवढंच बोलणं. आवाज न चढवता, तीन दिवस. मी त्यांना चहा नेऊन द्यायचो आणि तिथंच बसून राहायचो.

दादा माझे नातेवाईक नव्हेत. वयानं सात-आठ वर्षांनी मोठे. पोलीस खात्यात वायरलेसवर त्यांची सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर हौशी रेडिओचा परवाना काढून ते तेच काम हौसेनं करत राहिले. मी ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणजे लहरी, वारंवारता हे सगळं फळ्यावर. पूर ओसरल्यावर दादांनी मला परीक्षेला बसवलं. वर्षभरानं परवाना हातात आला. तोवर दादा-वहिनी शहरातलं घर भाड्यानं देऊन शाहूवाडीकडच्या आपल्या गावी भातशेती बघायला निघून गेले होते.

मग मी रेडिओ मागवला. हातात मावणारा, पण माझ्या पगाराहून महाग. रंगीत पडदा, आपण कुठं उभे आहोत ते सांगणारा नकाशा, पाण्यात पडला तरी चालेल अशी बांधणी, बोलणं रेकॉर्ड करायची सोय. दादा फोनवर म्हणाले होते, "येवढा भारी कशाला? साधा घे. पैलं ऐकायला शिक." मी ऐकलं नाही. पार्सल फोडताना बायको शेजारी उभी होती. तिनं तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि विचारलं, "पण ह्याच्यावर बोलाय माणसं हायत का?"

माणसं फारशी नव्हतीच. शहरात परवानेवाले बोटांवर मोजण्याइतके. रोज संध्याकाळी मी गच्चीवर जायचो, हाक द्यायचो आणि खरखर ऐकून खाली यायचो. दादांचं गाव सरळ रेषेत फार लांब नाही, पण मध्ये डोंगर. असल्या छोट्या सेटचा आवाज डोंगर ओलांडत नाही हे मी मुलांना शिकवायचो, तरी पैसे मोजले म्हणून तो ओलांडेल असं कुठंतरी मला वाटत होतं. महिनाभरानं सेट कपाटात गेला. बायको काही बोलली नाही, आणि तेच मला लागलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर दादांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाले, मग धुळीमुळे म्हणाले. शेवटी कोल्हापुरात तपासलं तेव्हा घशात गाठ निघाली, ती साधी नव्हती. ऑपरेशन ठरलं. मला हे त्यांच्या जावयानं कळवलं. मी फोन केला तेव्हा दादा गावच्या एसटी थांब्यावरच्या दुकानापाशी उभे होते, कारण रेंज तेवढ्या एकाच जागी यायची. मागं माणसांची गलबल ऐकू येत होती.

"हितं बोलाय येत न्हाय गड्या," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "त्यो तुझा भारी सेट चालतोय का?"

"चालतोय की."

"मग रविवारी सकाळी पन्हाळ्याला जा. पुसाटी बुरजाकडं. मी आमच्या डोंगरावरच्या सड्यावर येतो. मधी कायबी आडवं न्हाय. एकदा हवेवर बोलू."

रविवारी मी गेलो. थंडी होती, ऊन कोवळं होतं आणि पश्चिमेकडं डोंगरांच्या रांगा एकामागं एक स्वच्छ दिसत होत्या. गडावरचे प्रक्षेपणाचे टॉवर माझ्या पाठीशी होते, पण त्यांच्याकडं मी लक्ष दिलं नाही. सेटला मी मुद्दाम नवी लांब अँटेना लावली होती. ठरल्या वेळी हाक दिली.

लगेच उत्तर आलं. "ऐकतोय..." एवढा एकच शब्द स्वच्छ, आणि मग कर्कश गोंगाट. त्या गोंगाटातून मधेच कुठल्यातरी रेडिओ स्टेशनवरच्या गाण्याचे तुकडे, जाहिरातीतल्या बाईचं हसणं. मी बटणं फिरवली. आवाज कमी केला, वाढवला. पडद्यावर सिग्नलची हिरवी पट्टी पुरी भरलेली होती, म्हणजे दादा येत होते, जोरात येत होते. फक्त मला त्यांचं काही कळत नव्हतं.

पट्टी उतरली की मी बोलायचो. तब्येत विचारली, भात किती झालं विचारलं, इथून डोंगर कसे दिसतात ते सांगितलं. मग पट्टी पुन्हा चढायची. एकदा ती खूप वेळ चढलेली राहिली. दोन-तीन मिनिटं असेल. मधे एकदा उतरली, मला वाटलं संपलं, तर पुन्हा चढली. माणूस बोलताना थांबतो, आवंढा गिळतो आणि पुन्हा सुरू करतो तसं. मी तो पडदा बघत उभा होतो. मी रेकॉर्डचं बटण दाबून ठेवलं होतं. म्हटलं, घरी जाऊन शांतपणे ऐकू, काहीतरी लागेल. शेवटी पट्टी उतरली ती उतरलीच.

अर्ध्या तासानं फोन आला. दादा खाली दुकानापाशी पोचले होते. त्यांना धाप लागली होती.

"तुझं येकदम खणखणीत आलं गड्या. शेजारी बसून बोलल्यासारखं. माझं आलं न्हवं?"

आता लिहितानाही मला कळत नाही की मी खरं का सांगितलं नाही. त्या आजारी माणसानं कुठून कुठून जमवलेल्या ॲल्युमिनियमच्या दांड्या बांबूवर बांधून अँटेना केली होती आणि ती खांद्यावर घेऊन तो सडा चढला होता. आणि माझ्या हातात तो महागडा सेट होता. मी म्हणालो, "आलं की. थोडं तुटक आलं."

"पण कळलं न्हवं?"

"कळलं."

"मग तेवढं करशील?"

"व्हय दादा. करतो की."

 दादा म्हणाले, "बरं वाटलं." आणि फोन ठेवला.

घरी आल्यावर मी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. तीनदा तोच गोंगाट. कानाला हेडफोन लावून, संगणकावर आवाज गाळून बघितला. 'तिला' असा एक शब्द असावा असं वाटलं, पण तो त्या जाहिरातीतलाही असेल. मी ठरवलं, भेटल्यावर विचारू. काय असणार? भाडेकरूचं काहीतरी, नाहीतर बँकेचं एखादं काम.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी दादा दवाखान्यात दाखल झाले. मी भेटायला गेलो तर भोवती माणसं. मुलगी, जावई, गावचे चौघे. वहिनी घराची आणि जनावरांची सोय लावून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येणार होत्या. दादांनी माझ्याकडं बघून मान हलवली, मीही हलवली. त्यांना वाटलं असणार की मी 'काळजी करू नका' म्हणतोय. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा वहिनी आल्या होत्या, पिशव्या लावत होत्या. दादांनी माझा हात धरून नुसता दाबला. तेव्हा तरी विचारायला हवं होतं. 'दादा, त्या दिवशी मला काही ऐकू आलं नव्हतं,' सात-आठ शब्दांचं काम. पण आधी 'कळलं' म्हणून बसलो होतो.

ऑपरेशन सात तास चाललं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणाले. दोन दिवसांनी दादांना खोलीत आणलं. गळ्याला मधोमध भोक आणि त्यात नळी. वहिनी उशाशी बसून होत्या. मी दारात दिसलो तशा त्या बाहेर आल्या.

"भावजी, नळी काढली की आवाज येतोय न्हवं? किती दिस लागत्यात?"

 तेवढ्यात सलाईन बदलून बाहेर पडणाऱ्या सिस्टरनं ते ऐकलं आणि तिला वाटलं, घरच्यांना माहीतच आहे. ती म्हणाली, "मावशी, आवाजाची पेटीच काढलीय ना. आवाज आता नाही येणार. पण पुढं मशीन वगैरे असतं, शिकवतात." आणि पुढच्या खोलीत गेली.

वहिनी भिंतीला टेकल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला नुसती गाठ काढणार म्हणालते."

मुलगी औषधं घेऊन आली तेव्हा तिच्याकडून कळलं, तिला माहीत होतं, जावयाला माहीत होतं, त्यानंच सही केली होती. मुलीला वडिलांनी बजावलं होतं, 'तुझ्या आईला तू सांगू नको, त्याची वेवस्था मी केलीय.' ती व्यवस्था म्हणजे मी होतो. हे मला तिथंच, त्या कॉरिडॉरमध्ये, एकेक पायरी उतरल्यासारखं कळत गेलं. बायकोला हे स्वतः सांगायचं धाडस त्या माणसाला झालं नव्हतं. दुकानापाशी चारचौघांत बोलता येत नव्हतं, घरात तर नाहीच. म्हणून तो डोंगरावर चढला होता.

आठवड्यानं दादा बसायला लागले. मुलीनं त्यांना लहान मुलांची लिहून पुसायची पाटी आणून दिली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो तेव्हा त्यांनी लिहिलं, 'तिला सांगितलं न्हवतंस?'

"दादा, मला काही ऐकूच आलं नव्हतं. सेट बहिरा झाला होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पाटी पुसली. लिहिलं, 'मग व्हय कशाला म्हणालास?'

  पाटी पालथी घालून ते खिडकीकडं तोंड करून पडून राहिले.

वहिनींना मी नंतर त्यांच्या गावी जाऊन सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं आसतं तर आदल्या रात्री त्यांच्यासंगं बोलले आसते भावजी. मी पिशव्या लावत बसले. त्ये शेवटचं काय बोलले तेबी धड ध्यानात न्हाय. गोठ्याची किल्ली कुणाकडं दिलीस, आसंच कायतरी."

पुढं तो सेट मी विकायला काढला. गडहिंग्लजचा एक जण आला, साखर कारखान्यात इंजिनिअर, परवानेवाला. मी त्याला आधीच सांगितलं, "टॉवरजवळ ह्याला काही ऐकू येत नाही. पन्हाळ्यावर एकदम बहिरा झाला."

त्यानं विचारलं, "लांब अँटेना लावलीती काय?"

"हो."

"मग तसंच व्हणार की सर. टॉवरचा सगळा जोर त्येच्यात शिरतोय. लहानी अँटेना लावायची, न्हायतर बुरजाच्या भायेरच्या अंगाला शंभर पावलं खाली उतरायचं. टॉवर आड गेला की झालं." तो सेट हातात खेळवत सहज म्हणाला, "मशीन झ्याक हाय. मग विकताय कशाला?"

शंभर पावलं. मी मुलांना हे शिकवतो. जोरकस लहरींपुढं क्षीण लहर कशी हरवते त्याची आकृती मी दरवर्षी काढतो. त्या सकाळी मी बटणं फिरवत राहिलो, पण जागचा हललो नाही. मी त्याला सेट दिला, अँटेना दिल्या, माहितीपुस्तक दिलं. पुस्तकाची पानं मागच्या अर्ध्या भागात एकमेकांना चिकटलेलीच होती.

आता महिन्यातून एकदा मी एसटीनं दादांकडं जातो. गेल्या तपासणीत डॉक्टर समाधानी होते. मशीन गळ्याला लावून बोलायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग ते सोडून दिलं. म्हणाले, म्हणजे पाटीवर लिहिलं, 'ह्यो माझा आवाज न्हवं.' ते ओसरीवर बसतात आणि वहिनींना काही सांगायचं असलं की खांबावर बोटांनी वाजवतात. तीस वर्षं टिंब-रेषांच्या लिपीत संदेश ठोकलेली बोटं. वहिनींना ती लिपी येत नाही. त्यांनी आपापसांत दुसरीच बसवलीय. दोनदा वाजवलं की पाणी, लागोपाठ चारदा म्हणजे बाहेर कुणीतरी आलंय.

गेल्या खेपेला मी बसलो असताना त्यांनी वेगळंच वाजवलं, सावकाश, थांबून थांबून. वहिनी आतून बाहेर आल्या, त्यांच्याकडं बघितलं आणि परत आत गेल्या.

मी विचारलं, "वहिनी, हे काय म्हणाले?"

"त्ये आमचं हाय," त्या आतूनच म्हणाल्या. मग थोड्या वेळानं माझ्यापुढं ताट ठेवत म्हणाल्या, "जेवून जावा भावजी. सव्वातीनची एसटी गावंल."