डीमधलं जात नाही

कामरगावात हरीओमला कोणी हरीओम म्हणत नाही, कंपूटर म्हणतात. "कंपूटर घरी हाये का?" असं कोणी दारातून विचारलं, की माणसाकडे बोट दाखवावं की मशीनकडे, असा त्याच्या बायकोला, राखीला, प्रश्न पडतो.

घरी शेती सोयाबीनची, पण याचा सारा जीव मशीनवर. पंधरा वर्षांपूर्वी कारंज्याला जाऊन त्यानं कोर्स केला, तेव्हा सरांनी एक मंत्र दिला होता: मशीन बिघडली तर सी ड्राइव्ह पुसावा लागतो, डीमधलं कधी जात नाही. हरीओमनं तो मंत्र देव्हाऱ्यातल्या देवासारखा जपला. गावातल्या लग्नांचे व्हिडिओ, बारशाचे फोटो, पोरांचे दाखले, ज्यानं जे आणून दिलं ते त्यानं डीमध्ये ठेवलं. कोणाचा चहाही मागितला नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

शेजारच्या पंचफुलाकाकूंनी त्याच्याकडे ठेवायला दिला होता नवऱ्याचा आवाज. शालिग्रामकाका पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणायचे. बैलांच्या रांगेपुढे उभं राहून यमकं जुळवत एकेकाची फिरकी घ्यायची, सरपंचाला सोडायचं नाही अन् जावयालाही नाही, आणि शेवटी साऱ्या गावानं हर हर महादेव करायचं. मागच्या पोळ्याला काकूंनी ते सारं मोबाइलवर भरून घेतलं आणि माघात काका गेले. मोबाइल जुना, सारखा अडकायचा. म्हणून हरीओमनं आवाज आपल्या डीमध्ये घेतला आणि काकूंच्या मोबाइलमधलं सारं पुसून तो मोकळा करून दिला. औंदाच्या पोळ्याला तो आवाज भोंग्यावर लावायचा, असं गावानं ठरवलं होतं.

आता ऐन श्रावणात याला काय अवदसा आठवावी! तुमच्या जुन्या विंडोजचे दिवस भरले, अशा अर्थाचा निरोप स्क्रीनवर कधीचा येत होता. कुठल्याशा व्हिडिओत त्यानं पाहिलं की विंडोज काढून लिनक्स टाका, फुकट आहे, म्हातारी मशीनही पळायला लागते. गड्यानं लगेच पेन ड्राइव्ह तयार केला.

राखी म्हणाली, "पयले काकाचा आवाज दुसरीकडं घेऊन ठेवा."

"डीमधलं जात नाही," हा म्हणाला. "तुले काय समजते त्यातलं?"

मशीननं विचारलं, संपूर्ण डिस्क पुसायची का? यानं बिनधास्त हो म्हटलं. अहो, सी आणि डी या एकाच घराच्या दोन खोल्या. घरच पाडल्यावर मागची खोली उभी राहील का? पण मंत्र पाठ असला की डोकं वापरायची गरज वाटत नाही. अर्ध्या तासात मशीन नवी झाली, पळायलाही लागली, आणि डी कुठंच नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

तो डिस्क घेऊन कारंज्याला गेला. दुकानदारानं दोन दिवस ठेवून घेतली आणि परत देताना सांगितलं, "फोटो तुटके-तुटके निंगाले भाऊ. आवाज नाही आला."

 मग काकू यायला लागल्या.

"काकाचा आवाज हाये ना रे बरोबर?"

"हाये ना काकू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारणं, पुन्हा तेच सांगणं. तिसऱ्या दिवशी तर तो बोलून गेला, "कालच आयकला. एकदम साफ हाये." हे आपण का बोललो, त्याचं त्याला कळेना. राखी भाजी चिरत होती, तिनं मान वर केली नाही. चौथ्या दिवशी काकूंची चाहूल लागताच तो मागच्या दारानं गोठ्यात गेला आणि कडब्याच्या आड बसून राहिला. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या! स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळून झाले, तसा तो हात न धुताच काकूंच्या ओसरीत गेला.

"काकू, आवाज गेला. मीच पुसला माह्या हातानं."

काकू गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मले मालूम हाये. तू कारंज्याले गेला, त्याच दिवशी राखी रडत आली होती."

"मंग तुमी रोज काहून विचारत होत्या?"

"तू सांगशीन म्हून." काकूंनी एक खडा बाजूला टाकला. "आवाज त गेलाच होता. म्हटलं, पोराच्या जिवावरचं ओझं त उतरू दे."

हरीओमला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आता शिव्या बसल्या तर बरं, असंही वाटलं.

"पन तू म्हनला, कालच आयकला, साफ हाये," काकू म्हणाल्या. "तवा मले वाटलं, राखीलेच समजलं नसन, आवाज सापडला असन. दिवसभर मी तेच धरून बसली. सांजच्याले राखीले इचारलं, त ते म्हने, नाही काकू, गेलाच. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा रडली, हरीओम. ते तेवढं तू करायले नोको होतं."

 हळदीचे हात मांडीवर ठेवून हरीओम तसाच बसून राहिला.