फोनवर कोण बोलत होतं?

परवा घरी नवीन नेटची जोडणी करायला एक गृहस्थ आले. भिंतीला भोक पाडता पाडता मोठ्या कौतुकाने सांगू लागले, "काका, आता याच एका वायरीत टीव्ही, यातच फोन आणि यातच नेट. तिन्ही एकदम चालवा, कोणी कोणाला आडवं येणार नाही." त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष, पण मला रागच आला. हे 'आडवं येणार नाही' वीस-पंचवीस वर्षं आधी का नाही सुचलं कोणाला? आमच्या जळगावच्या घरातही एकच वायर होती, आणि तिच्यात सगळेच एकमेकांना आडवे येत होते. सगळ्यात आडवा मी आलो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. थोरली बहीण, म्हणजे अक्का, धुळ्याला दिलेली. तिचे यजमान एसटीत ड्रायव्हर. तिच्या घरी फोन नव्हता, म्हणून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून ती दर रविवारी दहा वाजता आमचा नंबर फिरवायची आणि एक रिंग वाजली की ठेवून द्यायची. एक रिंग म्हणजे सगळं ठीक, आणि उचलला नाही म्हणजे तिचे पैसेही वाचले. सगळ्या जगात फोन वाजला की लोक धावत जाऊन उचलतात. आमच्याकडे रविवारी फोन वाजला की आई सगळ्यांना हात मागे घ्यायला लावायची.

अक्काला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं, पण या वेळी मोठ्या मुलीची शाळा होती म्हणून ती धुळ्यालाच राहिली. सासू हयात नव्हत्या. आईने तिला शब्द दिला होता, "तू टेबलावर जाशील तेव्हा मी तुझ्या उशाशी असंन." त्यासाठी नवी खूण ठरली: लागोपाठ दोनदा एकेक रिंग आली की आईने निघायचं. आईची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

पण आमचा फोन दर पंधरा दिवसांनी मरायचा. गल्लीत केबल टीव्ही आला तेव्हापासून केबलवाल्यांनी आपल्या काळ्या वायरी फोनच्याच खांबांवर चढवल्या होत्या. ते चॅनेल दुरुस्त करायला चढले की आमचा फोन गेलाच. लाईनमनभाऊंना बोलवावं तर ते म्हणत, "मी जोडतो, ते तोडतात." तरी माणूस चांगला. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, रावेरच्या मळ्यातून आणलेल्या केळीच्या फणीच्या मोबदल्यात त्यांनी स्वयंपाकघरात दुसरा फोन, एक्स्टेंशन, बसवून दिला होता. आबा केळीच्या कटाईसाठी बहुतेक दिवस रावेरलाच असत.

तो दुसरा फोन आला आणि आईला एक चाळाच लागला. पोळी तव्यावर टाकली की रिसीव्हर उचलायचा, कानाला लावायचा, आणि "जित्ता हाये" म्हणून ठेवायचा.

आणि मी? मी नुकताच जुना कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याला फोनच्या वायरीतून नेट जोडलं होतं. ते चालू असताना बाहेरून कोणी फोन केला तर एंगेज लागायचा, आणि आईने आतून रिसीव्हर उचलला की नेट तुटायचं. पुन्हा नंबर फिरवा, पुन्हा तो किरकिराट, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. संताप संताप व्हायचा. एकदा मी जोडत असतानाच आईने आत कान लावला आणि घाबरून बाहेर आली. "भाऊ, फोनमधी कोणीतरी वरडून राह्यलं रे!" मी तिच्यावर खेकसलो, "मशीन आहे ते! तू कशाला उचलतेस सारखा?"

त्या रविवारी मी सकाळी आठपासून बसलो होतो. आईला सांगितलं होतं, पुण्याच्या नोकरीचा अर्ज भरतोय. खोटं. मी एका मोटरसायकलचा फोटो उघडत होतो. फोटो वरून खाली रेघ-रेघ उतरायचा. आधी आरसे, मग हँडल, मग लाल टाकी दिसू लागली की आत खट्ट, "जित्ता हाये", आणि सगळं पुसलं. चार वेळा हेच झालं. पाचव्यांदा माझं डोकं फिरलं. आई अंगणात गेलेली पाहून मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिच्या फोनची वायर भिंतीतून उपटून टाकली.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अगं माय, मेला!"

तेव्हाच सांगायचं होतं. पण ती बाहेर येऊन विचारू लागली, "तुह्या इकडचाबी मेला का?" आणि मी म्हणालो, "हो. म्हणून तर माझंही काम अडलंय." इतकं सहज की माझं मलाच नवल वाटलं. आई तडक गल्लीत गेली. समोरच्या खांबावर केबलवाले भाऊ शिडी लावून उभेच होते. तिने त्यांना जे धरलं! "माह्या पोरीचे दिवस भरले धुळ्यात, अन् तुम्हाले सिनेमे दिसाले पाह्यजे!" ते शिडीवरूनच शपथा घेत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर खिडकीत मूग गिळून बसलेला. मी टाकीच्या खाली इंजिन उतरायची वाट पाहत होतो. आई परत येऊन लाईनमनभाऊंना बोलवायला म्हणाली, तर मी म्हणालो, "आज रविवार आहे." दहा वाजून गेले. फोन मेलाय म्हणून आईने रिंगेची वाटही पाहिली नाही.

एकच्या सुमारास दारात खाकी कपड्यातले एक कंडक्टर उभे राहिले. खांद्याला तिकिटांची पेटी तशीच. धुळे-जळगाव गाडी घेऊन आले होते आणि स्टँडवरून विचारत विचारत आमच्या घरी पोचले होते. "तुमनी पोर दवाखानामा शे, माय," ते आईला अहिराणीत म्हणाले. "फोन लागत नही म्हनीसन तिनी शेजारीन डेपोमा सांगी गई. चला, गाडी लगेच परत जास."

आईने पिशवी उचलली. मीही मागोमाग निघालो. निघताना कॉम्प्युटर बंद केला, तेव्हा तिसऱ्या गाडीच्या फोटोत इंजिन दिसत होतं. चाकं यायची होती.

धुळ्याला पोचायला चार वाजले. मुलगा झाला होता, साडेबारालाच. मेव्हणे त्या दिवशी सुरतेच्या गाडीवर होते. शस्त्रक्रिया करावी लागली, तर कागदावर सही करायला घरचं कोणी नव्हतं, शेजारणीने केली. नर्स आईला म्हणाल्या, "तुमची मुलगी फार ओरडत होती हो. सारखी तुम्हालाच हाक मारत होती." मला तिथे उभं राहवेना. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

अक्का दमलेली होती, पण चिडलेली नव्हती. आई रडू लागली तर तीच आईला समजावू लागली. "नऊपासून लावला मी. सात-आठ डाव. दर डाव एंगेज. मंग मले बरंच वाटलं. म्हटलं, आईले आतूनच कळलं असंन, आबाले रावेरले फोन लावून सांगत असंन, मी निघाली म्हणून. बस, येईनच आता. तेच म्हणत म्हणत टेबलावर गेली."

आईने डोळे पुसले. "अवं, पण फोन तं सकायपासून मेला होता."

"नाही गं. एंगेज होता."

आई मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"मंग फोनवर कोण बोलून राह्यलं होतं, भाऊ?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. त्या दिवशी मी तिच्याशी खरं बोललो ते एवढंच.