रुमालाखाली ठरलेलं

समन्वयक सरांनी मला फसवलं, आणि माझ्या हातून त्या मुलीला फसवलं. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझी समजूत काढायला येणार नाही. समजुती ऐकून ऐकून मी थकले आहे.

मी विद्यापीठात आले ती बत्तिसाव्या वर्षी. त्याआधी चौदा वर्षं आमच्या मखमलाबादच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर नाशकात बसून विकली. बाजारातली जागा भांडून मिळवली, भांडून टिकवली. त्यातून दुकान उभं केलं, बाहेरून बी.ए. केलं आणि मग समाजकार्य शिकायला प्रवेश घेतला. वर्गातली पोरं तोंडावर ताई म्हणायची, पाठीमागे मावशी. मला दोन्ही ऐकू यायचं.

पिअर एज्युकेटर हा शब्द मी पहिल्यांदा नोटीस बोर्डावर वाचला. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांशी आरोग्याबद्दल बोलायचं, असं ते काम. तीन दिवसांचं प्रशिक्षण, गळ्यात ओळखपत्र आणि एक टी-शर्ट. टी-शर्ट दंडात घट्ट होता, त्यावरूनही मी वाद घातला आणि बदलून घेतला. प्रशिक्षणाला आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "उपदेश करू नका, ऐका. आणि ऐकलेलं तुमच्यापाशीच ठेवा." तीन दिवसांत मी वहीत उतरवलं ते एवढंच.

उपदेश मला येतच नाही. मला घासाघीस येते. वर्गातला एक जण दिवसाला तंबाखूच्या सहा पुड्या खायचा. त्याला म्हटलं, "चारवर ये."

"पाच, ताई."

"चार. परीक्षेच्या दिवशी पाच."

"तुम्ही तर कोथिंबिरीसारखं करता राव," तो म्हणाला. पण आला चारवर, आणि दिवाळीपर्यंत दोनवर. या कामाचे समन्वयक सर खूश होते. माझं उदाहरण बैठकीत द्यायचे.

ती मुलगी वसतिगृहात राहायची. सटाण्याकडची, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. ग्रंथालयात माझ्यामागे बसून तोंडावर रुमाल धरून खोकायची. तीन आठवडे मी तो खोकला ऐकला, मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"काही नही शे ताई," ती घाईनं म्हणाली. "धूळना खोकला शे."

"धुळीनं अंगावरचा ड्रेस ढगळ होत नाही," मी म्हटलं.

ती रडायला लागली. टीबीची शंका तिला स्वतःलाही होती. पण घरी कळलं तर शिक्षण बंद, आणि वसतिगृहात कळलं तर खोली बंद, हे तिनं पक्कं धरलं होतं.

माझे वडील बैलबाजारात जायचे. तिथं भाव तोंडानं सांगत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून ठरवायचं. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळायचं नाही. रुमालाखालचं जो बाहेर बोलेल, त्याच्याशी पुन्हा कुणी व्यवहार करत नसे. हे तिला सांगून मी माझी ओढणी आमच्या हातांवर टाकली आणि तिचं एक बोट दाबलं.

"हे थुंकीच्या तपासणीचं." दुसरं दाबलं. "निघालंच तर हे औषधाचं. सहा महिने, एक दिवस चुकवायचा नाही."

"तीन महिने नाही चालणार?" रडता रडता ती हसली.

"या मालाचा भाव कमी होत नाही."

मग तिनं माझं बोट धरलं, घट्ट. "नाव नाही सांगायचं, ताई. कुणालाच."

"नाही सांगणार."

दवाखान्यात मी सोबत गेले. टीबी निघालाच. गोळ्या सुरू झाल्या. ती माझ्याकडे रोज एक बोट दाखवायची, कॅन्टीनमधून, जिन्यावरून, कुठूनही. म्हणजे आजची गोळी झाली. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की आता तिच्यापासून कुणाला लागण व्हायची भीती नाही, पण औषध पूर्ण करायचंच. चार महिन्यांत गाल भरले. माझ्या उभ्या आयुष्यात इतका चांगला सौदा मी केला नव्हता.

आणि तिथंच मी गाफील झाले.

सरांनी मला बोलावलं. उपचार घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पोषण आहाराच्या पिशव्या आल्या होत्या: शेंगदाणे, डाळी, गूळ, तेल. "तुमच्या पाहण्यात कुणी असेल तर यादीत नाव लागेल, ताई. नावाशिवाय पिशवी देता येत नाही."

"नाव बाहेर जाणार नाही?"

"अहो, फाइलीत राहील. माझ्यावर विश्वास नाही का?"

मी सवयीनं घासाघीस केली. एक नाही, दोन पिशव्या द्या. सरांनी फार ताणलं नाही, लगेच कबूल केलं. समोरचा इतक्या लवकर कबूल झाला की मालात खोट असते, हे मी बाजारात नव्या बायांना शिकवलेलं आहे. त्या दिवशी मीच विसरले. नाव लिहून दिलं. तिला विचारलंसुद्धा नाही. दोन पिशव्या समोर ठेवून तिला चकित करायचं होतं मला.

पुढच्या आठवड्यात सभागृहात आरोग्य विभागाचा कार्यक्रम झाला. पाहुणे, दीपप्रज्वलन, भाषणं. सर माईकवर म्हणाले, "क्षयरोगावर धैर्यानं मात करणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीचा आता शाल-श्रीफळ देऊन सत्कार..." आणि तिचं पूर्ण नाव, वर्ग, गाव.

ती पाचव्या रांगेत होती. उठली नाही. शेजारच्या मुलींनी कौतुकानं, खरोखर कौतुकानं, तिला ढकलत वर पाठवलं. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, फोटो निघाले. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी फोटो सगळ्या ग्रुपवर होता. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीतल्या दोघींनी गाद्या उचलल्या. रेक्टरबाईंनी लागण होत नसल्याचा डॉक्टरांचा दाखला मागितला. मी तो धावत जाऊन आणला, तोवर तिचे वडील गाडी घेऊन आले होते. ट्रंक गाडीत चढवून झाली होती. मी काचेजवळ गेले.

"रुमालाखाली ठरलं होतं, ताई," ती म्हणाली. एवढंच.

मी सरांच्या खोलीत जाऊन ओरडले. बाहेरच्या व्हरांड्यात माणसं जमली. सर म्हणाले, "तिचा सन्मानच केला ना आम्ही? चांगल्या कामाला तुम्ही असं का बघता? शांत व्हा." ओळखपत्र टेबलावर आपटून मी निघून आले. लेखी तक्रार दिली. कार्यालयानं आधी पोचही दिली नाही. चार फेऱ्या मारून ती मिळवली. उत्तर अजून आलेलं नाही. आता मी जाते तेव्हा शिपाई मला बघून पंखा लावतो आणि पाणी आणून देतो. ओरडायचं बळ माझ्यात राहिलेलं नाही, हे त्यालाही कळलंय.

नाव मी दिलं. माझा वाटा मी घेते. तो कुणी कमी करू नये. पण मी ते पिशवीसाठी दिलं होतं. त्या दोन्ही पिशव्या अजून माझ्या दुकानात, मागच्या फळीवर आहेत.

ती गेली तेव्हा दोन महिन्यांच्या गोळ्या बाकी होत्या. इथल्या दवाखान्यानं कागद तिकडे पाठवले, असं मला सांगितलं. ती माझा फोन उचलत नाही. मी तिला रोज एका बोटाचा फोटो पाठवते. पलीकडून काही येत नाही.

सर, फाइलीतली यादी माईकपाशी कोणी नेली? आणि आज तिनं गोळी घेतली का, हे तिला कोण विचारणार? शाल तुम्ही घातलीत. उत्तर तुम्ही द्या.