गाईंच्या काउंटीत

जर्सी सिटीत आमच्या एका बिल्डिंगमध्ये जेवढी माणसं राहत होती, तेवढी नेब्रास्कातल्या त्या अख्ख्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नव्हती. हे वाक्य मी पूर्वी चिडून म्हणायचे, आता कौतुकाने म्हणते.

जर्सी सिटीत काही म्हणजे काही कमी नव्हतं. घराखाली स्टेशन, नदीखालून गेलं की मॅनहॅटन, तिथे माझं ऑफिस. कढीपत्ता चालत जाऊन आणायचा. गाडी शिकायची गरजच पडली नाही. पण नवरा डॉक्टर. २००४ मध्ये त्याची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, संपली आणि व्हिसाची अट समोर उभी राहिली: अमेरिकेत राहायचं असेल, तर जिथे डॉक्टर मिळत नाहीत तिथे तीन वर्षं काढा. त्याला जागा मिळाली पश्चिम नेब्रास्कात. नकाशात तिथे गावांची नावंसुद्धा जपून छापली होती.

गवताच्या टेकड्या, त्यांतून जाणारा एक रस्ता आणि त्याच्या शेवटी गाव. गावात धान्याचं उंच कोठार, कोर्ट, शाळा आणि छोटासा दवाखाना. उत्पन्न म्हणजे गाई. शाळा संपली की मुलं डेन्व्हर नाहीतर ओमाहा गाठायची. राहायचे ते त्यांचे आईवडील आणि गाई. मला दिवस गेलेले, नोकरी सुटलेली, गाडी येत नाही. भिंती बोलत नाहीत हे मला तिथे कळलं.

"हे बघ, डिलिव्हरीला मी जर्सी सिटीला मैत्रिणीकडे जाणार," मी नवऱ्याला बजावलं. "नोव्हेंबरचं तिकीट बुक कर."

"आणि मग? परत येशील?"

मी गेले की तोही टिकणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. तो गेला की व्हिसा गेला, आणि दवाखाना पुन्हा डॉक्टरविना. त्याने तिकीट काढलं.

आमचं घर गावाबाहेर. शेजार म्हणावा तर एकच घर, तेही टेकडीपलीकडे. तिथे साठीच्या एक बाई एकट्याने गाई सांभाळायच्या. आम्ही घरात त्यांना काकू म्हणायचो. पहिल्याच भेटीत त्या केक घेऊन आल्या आणि मी चांगलं वळण दाखवायला विचारलं, "गाई किती आहेत तुमच्याकडे?" आमच्या वऱ्हाडात पाहुणा आधी पाणी पितो आणि मग हेच विचारतो. काकूंचा चेहरा एकदम बंद झाला. "आहेत थोड्या," म्हणाल्या आणि निघाल्या. संध्याकाळी दवाखान्यातल्या नर्सकडून नवऱ्याला कळलं, की तिकडे असं विचारणं म्हणजे बँकेत किती शिल्लक आहे ते विचारणं.

"तू पण ना, यार," तो हसत सुटला. मला मात्र कानकोंडं झालं.

दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी उन्हातून टेकडी ओलांडली. धापा टाकत त्यांना सांगितलं, की आमच्याकडे गुरांची चौकशी म्हणजे घरच्या माणसांची चौकशी. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं.

"तू चालत आलीस?"

"मला गाडी येत नाही."

माझ्या अपराधापेक्षा हाच अपराध त्यांना भारी वाटला असावा. त्यांनी जुन्या पिकअप ट्रकची किल्ली माझ्या हातात ठेवली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी स्टिअरिंग धरलं. शिकवणी कुरणातच. मागे हौद्यात उभ्या राहून त्या गाईंना चारा टाकायच्या, पुढे मी गोगलगाईच्या वेगाने हाकायचे. चुकलं तर त्या छतावर थाप मारायच्या, बोलायच्या नाहीत. पानं झडायच्या आत मला लायसन्स मिळालं. आयुष्यात इतक्या कमी शब्दांत मला कुणी काही शिकवलेलं नाही.

तिकिटाची तारीख जवळ आली. डेन्व्हरचा विमानतळ लांब, नवऱ्याला सुट्टी नाही. मी काकूंना विचारलं, सोडाल का?

त्या टाकीतलं गाईंचं पाणी बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिथे मी माझी दोन्ही मुलं सोडली. मग तुझ्या नवऱ्याच्या आधीचे डॉक्टर सोडले. परत कुणी आलं नाही. आता तुला गाडी येते. तुझी तू जा."

मला राग आला. एवढं काय मागितलं होतं मी? घरी येऊन बॅगसमोर बसले, आणि राग ओसरला तेव्हा दिसलं, की मला गाडी शिकवून जायला मोकळं करण्याइतकी माया या काउंटीत काकूंनीच केली होती, आणि आणखी एकीला निरोप देणं त्यांना सोसणार नव्हतं. नवरा आल्यावर म्हटलं, "तिकीट कॅन्सल कर." त्याने कारण विचारलं नाही, याबद्दलही मी त्याची ऋणी आहे.

मुलगी जानेवारीत झाली, मोठ्या गावच्या हॉस्पिटलात. खिडकीबाहेर पांढरंशुभ्र. दुपारी दार ढकलून काकू आल्या, बुटांना शेण आणि बर्फ. हात धुतले, पुन्हा धुतले, मग बाळाला घेतलं.

"चला," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे कुणीतरी आलं."