चादरी आणि पियानो

महिन्याभरात पियानो तिसऱ्यांदा बेसूर झाला. पावसाळ्यात आतली हवा कोरडी राहावी म्हणून त्याच्या पोटात एक विजेची कांडी बसवलेली आहे. मी प्लग काढून बघितला, वायर चाचपली, फ्यूज बदलला. कांडी आपली गरमच. शेवटी सूर लावणाऱ्या डिसोझाकाकांना बोलावलं. त्यांनी पियानो उघडायच्या आधी वर बघितलं. हॉलभर दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बाबांच्या ओल्या चादरी.

"यंत्राला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "ते बिचारं पियानो सोडून तुमचं धुणं वाळवतंय."

हसायला हवं होतं, पण मला त्या कांडीची कीव आली. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून दिवसाला चार चादरी निघतात. या दिवसांत त्या दुसरीकडे कुठे घालणार? मीही तिच्यासारखीच, दिवसभर तापलेली, आणि घर आहे तेवढंच ओलं.

काकांनी सूर लावून दिला. "दोऱ्या काढा, नाहीतर या ओलीनं आठवड्यात सूर परत चढेल," असं बजावून गेले.

आठवड्यानं मी सहज एक पट्टी दाबली. सूर चढलाच होता. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर बाबांच्या कपाळाला आठी पडली. जन्मभर पियानो शिकवलेला माणूस. आता मला ओळखत नाहीत, हाक मारली तरी बघत नाहीत. मी तीच पट्टी पुन्हा दाबली. पुन्हा आठी.

मग उठले आणि पिळून ठेवलेल्या चादरी त्याच दोऱ्यांवर घातल्या.